उद्भासन (छायाचित्रण)

कॅमेऱ्यातील संवेदकावर, पूर्वी फिल्मवर, पडणाऱ्या प्रकाशाची एकूण मात्रा. व्यवहारात ‘एक्स्पोजर’ हाच शब्द रूढ आहे. दृश्याची उजळता, भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) आणि झडप उघडी राहण्याचा काळ यांवर ही मात्रा ठरते. छिद्र व काळ यांच्या जोडीला आयएसओ (संवेदनशीलतेचा आकडा) धरून ‘त्रिकोण’ मांडण्याची प्रथा असली, तरी आयएसओ वाढवल्याने संवेदकावर जास्त प्रकाश पडत नाही. तयार प्रतिमा किती उजळ दिसावी एवढेच त्याने ठरते. आयएसओ 100 असता लख्ख उन्हात एफ/16 (छिद्राचे माप) व 1/125 सेकंद हे फिल्मच्या काळातले गणित आजही चालते.

कॅमेऱ्यावर उद्भासन ठरवण्याच्या पी, ए (किंवा एव्ही; छिद्र माणसाने, काळ यंत्राने), एस (किंवा टीव्ही; काळ माणसाने, छिद्र यंत्राने) आणि एम (दोन्ही माणसाने) या पद्धती परिचित आहेत. त्यांपैकी पी पद्धतीचे, म्हणजे छिद्र व काळ दोन्ही यंत्रावर सोपवण्याचे, जनकत्व वादग्रस्त आहे. स्वयंचलित उद्भासनाचा पहिला मान सामान्यतः कोडॅक सुपर सिक्स-20 (1938) या प्रकाश मोजणारा सेलेनियम घट असलेल्या कॅमेऱ्याला देतात. पण त्यात काळ माणसाने निवडायचा व छिद्र यंत्राने, अशी विभागणी होती. पुष्कळ लेखनात कॅनन ए-1 (1978) हा पी पद्धतीचा आरंभ मानला जातो. मिनोल्टा एक्सडी-7 (1977) चा कैवार घेणारे दाखवून देतात, की त्यात काळ आपण निवडला तरी छिद्राची मर्यादा संपल्यावर कॅमेरा तो काळही बदलत असे. या दोहोंच्या बऱ्याच आधी अ‍ॅग्फा ऑप्टिमा (1959) मध्ये दोन्ही गोष्टी यांत्रिक रीतीने जुळत. तेव्हा ए-1 ला ‘इलेक्ट्रॉनिक प्रोग्रॅम असलेला आरंभीचा एसएलआर’ (आरशाद्वारे भिंगातूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा) म्हणणे अधिक सुरक्षित.

पद्धत कोणतीही असो, प्रकाशमापक तोच असतो. एम पद्धतीत मापकाचा काटा शून्यावर आणून घेतलेले चित्र आणि पी पद्धतीतले चित्र उजळतेत बहुधा सारखेच येते. मापक वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजतो व वस्तू मध्यम करडी असल्याचे गृहीत धरतो. म्हणून पांढऱ्या धोतर-टोप्यांची दिंडी मळकट येते आणि वेरूळचा काळा पाषाण राखेसारखा फिका. पहिल्या ठिकाणी उद्भासन-भरपाई (मापकाने ठरवलेल्या उद्भासनात मुद्दाम केलेला बदल) अधिक, दुसऱ्या ठिकाणी उणे करावी लागते. निकॉन एफए (1983) पासून दृश्याचे भाग पाडून मोजणारे मापक आल्यावर ही चूक कमी झाली, नाहीशी झाली नाही.

हा करडा नेमका किती, यावर मतभेद आहेत. ‘मापक 18 टक्के परावर्तनावर लावलेला असतो’ हे विधान सर्वत्र आढळते, पण काटेकोर तपासणीत ते टिकत नाही. मापकाचा ‘के’ हा स्थिरांक (मोजलेल्या उजळतेवरून उद्भासन काढण्याचा आकडा) कॅनन, निकॉन व सेकॉनिक 12.5 धरतात, तर मिनोल्टा व पेंटॅक्स 14. फरक सुमारे 1/6 टप्प्याचा (एक टप्पा म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). के 12.5 असता हिशेब 12 ते 13 टक्क्यांच्या आसपास जातो. अंकीय कॅमेऱ्यांच्या आयएसओ 12232 या मानकातील संपृक्ततेवर (ज्यापुढे संवेदक आणखी प्रकाश नोंदवू शकत नाही, त्या मर्यादेवर) आधारलेल्या व्याख्येत 18 टक्क्यांची वस्तू संपृक्तीच्या 12.7 टक्क्यांवर येते. 18 भागिले 2 चे वर्गमूळ म्हणजेच ही संख्या. अर्धा टप्पा उजळ भागांसाठी राखून ठेवलेला. दोन्ही आकड्यांच्या वादाचे मूळ बहुधा या अर्ध्या टप्प्यात असावे.

संवेदकाचा बिंदू एकदा संपृक्त झाला, की तेथला तपशील परत मिळत नाही. यासाठी कोणत्या उजळतेचे किती बिंदू आहेत हे दाखवणारा स्तंभालेख (हिस्टोग्राम) पाहतात; त्यात उजळ बाजू उजवीकडे असते. रॉ (संवेदकाची प्रक्रिया न केलेली नोंद असलेली) चित्रे स्तंभालेख उजवीकडे सरकेल इतकी उजळ घ्यावीत, असा सल्ला दिला जातो. 12 बिटांच्या 4,096 पायऱ्यांपैकी 2,048 सर्वांत उजळ टप्प्यात असतात, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. परंतु जास्त प्रकाशकण टिपल्याने गोंगाट (चित्रातील दाणेदारपणा) तुलनेने घटतो, हे कारण अधिक पटणारे आहे.

एम पद्धतीचा खरा उपयोग एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत उद्भासन स्थिर ठेवण्यात आहे : रंगमंच, स्टुडिओतील फ्लॅश, जोडचित्रे (पॅनोरमा). मोबाइलमध्ये छिद्र बहुधा स्थिर असते, आणि अनेक चित्रे जोडून एक केले जात असल्याने तेथे एकाच उद्भासनाची कल्पना सैल होते.