स्प्रे गन : लाकडी फर्निचरच्या कामातील दोष व निवारण

लाकडी फर्निचरवर लॅकर, मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन (पीयू) या चकाकी देणाऱ्या लेपद्रव्यांचा एकसारखा हात चढविण्यासाठी, दाबाखालील हवेने द्रवाचे बारीक तुषार करणाऱ्या हस्तोपकरणास स्प्रे गन म्हणतात. फवारा वेडावाकडा पडणे, गन थुंकणे, पृष्ठभाग खरखरीत किंवा पांढरट होणे असे दोष कारागीर सहसा गनच्या माथी मारतात; परंतु त्यांपैकी बऱ्याच दोषांचे मूळ हवा, थिनर (लेपद्रव्य पातळ करणारा द्रव) किंवा हवामानात असते.

उगमाबद्दल एकमत नाही. अमेरिकेत १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲबनर पीलर यांनी तयार केलेला रंग उडविणारा ब्रश हा काहींच्या मते आरंभ होय. मात्र ते चित्रकाराचे साधन होते. शिकागोच्या मार्शल फील्ड दुकानात देखभालीचे काम पाहणाऱ्या जोसेफ बिंक्स यांनी तळघराच्या भिंतींना चुना देण्यासाठी हातपंपाचे यंत्र केले. त्याचा काळ सामान्यतः १८८७ च्या आसपासचा मानतात. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील इमारती फवाऱ्याने रंगविल्या गेल्या, त्याचे श्रेय चित्रकार फ्रान्सिस मिलेट यांनाही दिले जाते. तथापि या यंत्रांत द्रवावरील दाबाला महत्त्व होते. हवेच्या झोताने द्रव फोडण्याचे तत्त्व टोलेडो येथील डॉक्टर ॲलन डीव्हिल्बिस यांच्या घशात औषध फवारण्याच्या उपकरणात दिसते, आणि त्यांचे पुत्र थॉमस यांनी १९०७ च्या सुमारास ते रंगकामाकडे वळविले. फर्निचरपुरते पाहता हीच परंपरा अधिक जवळची ठरते. १९२३-२४ पासून मोटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर येऊ लागले. ते इतक्या लवकर वाळे की ब्रशने सपाट बसविणे कठीण होते, आणि त्यामुळे फवारा अपरिहार्य झाला.

भारतातील उदाहरण घ्यायचे तर, बडोद्यात १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था स्थापन झाली, तेव्हा लाकडावर चपड्याचे (लाखेचे) पॉलिश कापडाच्या बोळ्याने हातानेच चढविले जाई. जवळच्या संखेडा येथील खरादी (लेथवर कातलेल्या) फर्निचरची लाखेची परंपरा तर फवाऱ्यापासून पूर्णपणे वेगळी आहे.

निदानाची सर्वांत उपयुक्त कसोटी साधी आहे. जुन्या प्लायवर किंवा पुठ्ठ्यावर फवारा मारून आकार पाहावा. तो एका बाजूला जड पडत असल्यास एअर कॅप (गनच्या तोंडावरील हवेच्या छिद्रांची टोपी) अर्धा वळसा फिरवून पुन्हा मारावा. दोषाची बाजू उलटली तर कॅपच्या शिंगांतील (पुढे आलेल्या दोन टोकांतील) एखादे छिद्र तुंबलेले असते. बाजू तीच राहिली तर घाण किंवा इजा द्रव बाहेर सोडणाऱ्या नोझलच्या टोकावर असते. मधे पोकळ आणि दोन्ही टोकांना जड असा फवारा पंख्याची हवा (फवारा पंख्यासारखा पसरविणारी हवा) जास्त किंवा माल, म्हणजे फवारायचा द्रव, फार पातळ असल्याचे दाखवितो. मधेच जड पडणारा फवारा याच्या नेमका उलट. गन धक्के देत थुंकत असेल तर मालाच्या वाटेत हवा शिरत असते किंवा माल अडत असतो : नोझल सैल असणे, माल सोडणाऱ्या सुईभोवतीचे पॅकिंग सुकणे, गनच्या कपातला माल संपत येणे किंवा कपाच्या झाकणावरील श्वासछिद्र बुजणे. यांतील शेवटचे कारण सर्वांत क्षुल्लक असून सर्वांत उशिरा तपासले जाते.

संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग बहुधा घट्ट माल किंवा अपुऱ्या हवेमुळे येतो. येथे केवळ कॉम्प्रेसरवरील काटा पाहून चालत नाही, कारण लांब व अरुंद पाइपमध्ये दाब बराच घटतो. म्हणून ट्रिगर दाबलेला असताना गनपाशीच दाब मोजावा. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनमध्ये कॅपपाशी तो १० पीएसआयपेक्षा (पौंड प्रति चौरस इंच) जास्त नसतो. गन १५ ते २० सेंटिमीटरवर काटकोनात धरून मागच्या पट्ट्याचा निम्मा भाग पुढच्याने झाकावा. मनगट कमानीसारखे फिरले की मधे ओघळ आणि कडांना कोरडी पूड दिसते. झोपाळ्याच्या खरादी खांबावर पंखा जवळजवळ बंद करून, माल कमी ठेवून, लांबीच्या दिशेने हात चालविणे बरे.

मे महिन्यात बडोद्याचे तापमान ४० अंशांवर जाते, तेव्हा थेंब लाकडावर पोहोचण्यापूर्वीच थिनर उडतो आणि लेपाचा हात खरखरीत होतो. पावसाळ्यात उलट अडचण येते : उडणारा थिनर पृष्ठभाग थंड करतो, त्यावर हवेतील बाष्प धरते आणि लॅकर पांढरे पडते. दोन्ही ऋतूंत मंद उडणारा थिनर, म्हणजे रिटार्डर, थोड्या प्रमाणात मिसळणे उपयोगी पडते. पांढरे पडलेल्या लॅकरवर कोरड्या दिवशी रिटार्डरचाच हलका फवारा दिला तर ते अनेकदा स्वच्छ होते. गोल खळगे पडत असतील तर सिलिकॉन किंवा कॉम्प्रेसरचे तेल यांचा संशय घ्यावा. पाणी-सापळा कॉम्प्रेसरला चिकटून बसवू नये, कारण हवा थंड झाल्याखेरीज तिच्यातील पाणी सुटत नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी मात्र रोज काढावे.

सफाईसाठी संपूर्ण गन थिनरमध्ये बुडवून ठेवल्यास पॅकिंग सुकते. कॅपची छिद्रे तारेने टोकरू नयेत. लाकडी काडी व मऊ ब्रश पुरेसे असतात. पीयूच्या हार्डनरमध्ये (घट्ट करणाऱ्या घटकात) आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते आणि त्यापुढे तोंडाला बांधलेला रुमाल निरुपयोगी ठरतो.