आईवडिलांच्या नावाचा ट्रस्ट: कुटुंबाचा की लोकांचा?

आईवडिलांच्या स्मरणार्थ ‘फॅमिली ट्रस्ट’ करायचा असे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडची भावंडे ठरवतात, तेव्हा बहुधा त्यांच्या मनात दोन इच्छा एकत्र नांदत असतात: घरची मिळकत विखरू नये आणि गावातल्या गरजू मुलांची फी भरली जावी. कायद्याने मात्र या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. पहिली खासगी न्यासाची (म्हणजे ट्रस्टची), जिला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो. दुसरी सार्वजनिक धर्मादाय न्यासाची, जी १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीत चालते. पाटीवर दोन्हीकडे आईवडिलांचेच नाव असते, त्यामुळे बाहेरून फरक दिसत नाही.

फरक ठरतो तो लाभ कोणाला, यावर. ‘देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर’ हा खटला एका देवळाचा होता, तरी १९५६ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली कसोटी येथेही उपयोगी पडते: लाभार्थी ठरावीक, ओळखता येण्याजोग्या व्यक्ती असतील तर न्यास खासगी, आणि सर्वसाधारण जनता किंवा तिचा एखादा वर्ग असेल तर सार्वजनिक. न्यासपत्रात ‘आमच्या भावाबहिणींच्या मुलानातवंडांच्या शिक्षणासाठी’ असे लिहिले तर पहिला प्रकार होतो, ‘अमळनेर तालुक्यातील गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी’ असे लिहिले तर दुसरा. खरा घोळ होतो तो ‘गरजू विद्यार्थी, त्यातही भाऊबंदांस प्राधान्य’ अशा वाक्याने. माया समजण्यासारखी आहे. पण धर्मादाय न्यासाच्या उत्पन्नाचा लाभ संस्थापकाच्या किंवा विश्वस्ताच्या नातेवाइकांना मिळाला, तर आयकराची सूट धोक्यात येते.

मिळकतीच्या बाबतीत हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. समजा, वडिलांचे धाब्याचे जुने घर ट्रस्टला दिले आणि तेथे अभ्यासिका सुरू केली. न्यास सार्वजनिक असेल, तर ते घर त्या दिवसापासून कुटुंबाचे राहत नाही. मुलगा अध्यक्ष असला तरी तो मालक नसतो, विश्वस्त असतो. पुढे ते विकायचे, गहाण ठेवायचे किंवा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे झाल्यास १९५० च्या अधिनियमाप्रमाणे आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, आणि ‘आमच्याच बापाचे घर’ हे म्हणणे तेथे चालत नाही. खासगी न्यासात याउलट, सर्व लाभार्थी सज्ञान आणि एकमताचे असले तर ते मिळकत स्वतःच्या नावावर मागून घेऊ शकतात. घर घरातच राहावे असे वाटत असेल, तर ते सार्वजनिक न्यासाला देऊच नये. तेथे ठेवीची रक्कम द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

न्यासाच्या आयुष्याच्या बाबतीतही दोन्ही सारखे नाहीत: खासगी न्यासात मिळकत पिढ्यान्‌पिढ्या अडकवून ठेवण्यास कायदा मर्यादा घालतो, धर्मादाय न्यास मात्र कायम चालू शकतो. त्याची किंमत कागदपत्रांत मोजावी लागते. न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज, दरवर्षी हिशेबतपासणी, आणि एखादा विश्वस्त वारला किंवा बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे तो बदल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवणारा अर्ज. हा शेवटचा कागद भावंडांच्या ट्रस्टमध्ये हमखास राहून जातो, कारण थोरला गेला की धाकट्याने कारभार पाहायचा हे घरात सर्वांना ठाऊकच असते. कार्यालयाच्या रजिस्टरला ते ठाऊक नसते.

देणगीदाराला आयकरात मिळणारी, सर्वांच्या तोंडी ‘ऐंशी जी’ म्हणून रुळलेली वजावट फक्त धर्मादाय न्यासाकडे असते, तीही आयकर खात्याची वेगळी मान्यता मिळाल्यावर.

वर्षाला एखादे बक्षीस किंवा दोन-चार मुलांची फी, एवढाच संकल्प असेल, तर यांपैकी काहीच करण्याची गरज नाही. वडील जेथे शिकले त्या शाळेकडे किंवा गावच्या वाचनालयाकडे त्यांच्या नावाने ठेव ठेवावी, व्याज कशावर खर्च करायचे ते लेखी ठरवून घ्यावे आणि संस्थेच्या ठरावाची प्रत घरी ठेवावी.