विमान दीड तासाचं, मग गाडी अडीच तास आधी का?

(नाशिक–नागपूर विमानाने जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

ओझर (नाशिकचा विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) सरळ रेषेत साधारण 545 किलोमीटर. नेटवर हा आकडा बघून, जेट विमानाच्या ताशी 800 च्या वेगाने भागून, "चाळीस मिनिटांत नागपूर" असा हिशेब बरेच जण करतात. पण लहान विमानतळांच्या मार्गावर पुष्कळदा एटीआर 72 हे पंख्याचं विमान असतं आणि त्याचा वेग ताशी 500 च्या आसपास. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. चढणं, उतरताना घ्यावा लागणारा वळसा, धावपट्टीपर्यंतचं रांगणं सगळं त्यात आलं. म्हणून दीड-पावणेदोन तास धरा. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे परतीला थोडा जास्त वेळ लागू शकतो.

खरा घोळ जमिनीवर होतो. सुटण्याची वेळ दहाची, म्हणून साडेनऊला पोहोचायचं असं ठरवून गाडी सांगितली जाते. बहुतेक कंपन्यांचं काउंटर सुटण्याच्या 60 मिनिटं आधी बंद होतं, गेट साधारण 25 मिनिटं आधी. वेब चेक-इन केलेलं असलं तरी बॅग टाकायची असेल तर हीच 60 मिनिटं लागू. विमान समोर उभं दिसतं आणि बॅग कुणी घेत नाही!

दहाच्या विमानाचंच बघा. काउंटर नऊला बंद. रांगेसाठी अर्धा तास, म्हणजे साडेआठला दारात. कॉलेज रोडवरून द्वारका, आडगाव, दहावा मैल करत जायला रिकाम्या रस्त्याने गाडी लवकर पोहोचते, पण द्वारकेला अडकलात तर तासही कमी पडतो. म्हणून आम्ही साडेसातला गाडी लावतो. कुणाला ते फार लवकर वाटतं, वाटू द्या. टर्मिनलवर अर्धा तास बसून चहा घेतलेला परवडतो, तिकीट गेलेलं परवडत नाही.

बॅगेचंही एक. एटीआरमधले वरचे कप्पे लहान असतात. नेहमीची चाकाची केबिन बॅग त्यात बसत नाही. ती शिडीपाशीच टॅग लावून घेतात आणि उतरल्यावर परत देतात. पॉवर बँक, औषधं, कागदपत्रं आधीच खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. पॉवर बँक विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकायला मनाईच आहे.

थेट विमान रोज असेलच असं नाही. वेळापत्रक मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतं, तेव्हा जुन्या वेळेवर विसंबू नका. मुंबईमार्गे जोड-विमान घ्यावं लागत असेल तर समृद्धीने आमची गाडी आठेक तासांत घरापासून घरापर्यंत नेते. चौघं असाल तर खर्चही विचारून बघा.

परतीची गाडी सांगताना मात्र उतरण्याची वेळ नको, फ्लाइट नंबर द्या. विमान लांबलं तर आम्हाला तो नंबर टाकून कळतं आणि उतरल्यापासून पाऊण तास थांबण्याचे पैसे आम्ही घेत नाही. नुसती वेळ दिलीत तर थांबण्याचं भाडं त्या वेळेपासून सुरू होतं.