धातू टिकतो, रबर थकतं

विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा ही अमेरिकेतली तळ्यांची राज्यं. तिथल्या जुन्या घरांच्या गॅरेजमध्ये लाकडी घोडीवर टांगलेलं जॉन्सन कंपनीचं ‘सी-हॉर्स’ इंजिन अजूनही सापडतं. होडीच्या मागच्या फळीला चाप लावून बसवायचं, वर इंजिन, खाली पाण्यात पंखा. यालाच आउटबोर्ड म्हणतात. १९४९ साली आलेलं १० अश्वशक्तीचं क्यूडी मॉडेल हे त्यातलं मोठं पाऊल होतं. पुढे, न्यूट्रल आणि मागे असे गिअर, आणि पेट्रोलची टाकी इंजिनापासून वेगळी, होडीत ठेवायची. असं इंजिन चाळीस-पन्नास वर्षं पडून राहिलं, तरी बहुतेक वेळा पुन्हा चालू करता येतं. ते कसं, हे समजून घेणं मला इंजिन चालू होण्याइतकंच आनंदाचं वाटतं, कारण त्यात काळ पदार्थांवर कसा काम करतो हे हातात धरून बघता येतं.

थोडा इतिहास आधी. आउटबोर्डचे प्रयोग आधीही झाले होते, पण हे यंत्र घरोघरी पोचवलं ते नॉर्वेत जन्मलेल्या आणि विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या ओले एव्हिनरूडने. होणाऱ्या बायकोसाठी भर उन्हाळ्यात तळं वल्हवत ओलांडून आइस्क्रीम आणताना ते वितळलं आणि तिथे ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. १९०९ साली विक्रीला आलेलं त्याचं इंजिन दीड अश्वशक्तीचं होतं. वजन ६२ पौंड, म्हणजे साधारण २८ किलो, आणि किंमतही ६२ डॉलर. पुढे १९२१ साली त्याने ॲल्युमिनियम वापरून हलकं, दोन सिलिंडरचं इंजिन काढलं. ॲल्युमिनियमने वजनाचा प्रश्न सोडवला, पण आज पाना हातात घेणाऱ्याची पहिली झुंज त्याच ॲल्युमिनियमशी होते.

खाऱ्या पाण्यात वापरलेल्या इंजिनात पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भोकात बसलेला असतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच. या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची जी पांढरी भुकटी तयार होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि आट्यांमध्ये घट्ट बसते. अशा वेळी जोर लावला की बोल्टचं डोकं तुटून हातात येतं. जाणकार माणूस भोवतालच्या ॲल्युमिनियमला सावकाश ऊब देतो. तेवढ्याच उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून भोक बोल्टपेक्षा जास्त फुगतं आणि पकड सैल होते. मग थोडं तेल, थोडी पुन्हा ऊब, थोडं मागेपुढे. यात घाई केलेली मला अजिबात पटत नाही.

बोल्ट निघाले आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरचं जड चाक, हाताने फिरलं, की अर्धी काळजी मिटते. पिस्टन, सिलिंडर, क्रँकशाफ्ट यांना काळाचं फारसं काही वाटत नाही. मोडतात त्या मऊ गोष्टी: रबर, कॉर्क, तारांवरचं वेष्टन.

सर्वांत रंजक भाग फ्लायव्हीलखाली असतो. या इंजिनांना बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमध्ये बसवलेलं चुंबक फिरताना कॉइलसमोरून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यासमोरून जातं आणि कॉइलच्या जाड तारेत विजेचा प्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह भरात असतानाच ‘पॉइंट’ नावाचा छोटा स्विच उघडतो. प्रवाह एकदम तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं, आणि शेजारच्या हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. तोच स्पार्क प्लगवर ठिणगी पाडतो. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून सगळी शक्ती वाया जाऊ नये म्हणून कंडेन्सर बसवलेला असतो.

पन्नासच्या दशकातल्या जॉन्सन आणि एव्हिनरूड इंजिनांच्या कॉइलवरचं आवरण वयानुसार तडकतं. नुसत्या डोळ्यांनीही या भेगा दिसतात. उच्च दाबाची वीज मग प्लगपर्यंत जाण्याऐवजी भेगेतून जवळच्या धातूत उतरते. अशी कॉइल बदलायचीच, तिच्यावर वेळ घालवू नये. पॉइंट मात्र बहुधा वाचतात. त्यांच्या टोकांवर ऑक्साइडचा पातळ थर चढलेला असतो. तो बारीक पॉलिश पेपरने घासायचा आणि मग स्पिरिटमध्ये बुडवलेला कोरा कागद मधून ओढायचा, कारण बोटाचं तेलही तिथे विजेला अडवतं. पॉइंट पूर्ण उघडल्यावर फट साधारण अर्धा मिलिमीटर ठेवतात.

ठिणगी तपासताना उघड्या हवेत सहा मिलिमीटरची फट ओलांडून ती पडते का, हे बघतात. प्लगची फट तर मिलिमीटरहून कमी असते. मग एवढी मोठी का? सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, तिचे रेणू दाटीवाटीने बसतात आणि त्यातून ठिणगी पाडायला जास्त व्होल्ट लागतात. उघड्या हवेतली मोठी फट ही त्या दाबाची नक्कल आहे. प्लग बाहेर काढून त्याच्यावर ठिणगी दिसली म्हणून समाधान मानणारे पुढे दिवसभर दोर ओढत बसतात.

हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये वेगळीच गंमत. आत पुरेसं पेट्रोल आलं की वर तरंगून त्याची वाट बंद करणारा एक गोळा असतो. जुन्या इंजिनांत हा गोळा कॉर्कचा असे आणि त्याला लाखेचा लेप दिलेला असे. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. आज अमेरिकेत पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी १० टक्के इथेनॉल असतं, आपल्याकडे २० टक्क्यांपर्यंत गेलं आहे. लेप गेला की कॉर्क पेट्रोल पितो, जड होऊन बुडतो आणि इंजिनात पेट्रोल भसाभस येतं. इथेनॉल हवेतली आर्द्रताही ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो. म्हणून गोळा बदलायचा किंवा इथेनॉल सोसणारा लेप द्यायचा, आणि पेट्रोल ताजं घ्यायचं.

क्यूडीची टाकी जपून वापरायला हवी. तिच्यात पेट्रोल खेचणारा पंप नसतो. इंजिनाच्या क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतला दाब दुहेरी नळीतून टाकीत येतो आणि पेट्रोलला ढकलतो. म्हणजे दाबाखालची पेट्रोलची टाकी, तीही साठ-सत्तर वर्षांच्या रबराच्या भरवशावर. माझ्या मते गॅस्केट आणि नळ्या नव्या घातल्याशिवाय ती होडीत ठेवूच नये. बरेच जण त्याऐवजी क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालणारा पडद्याचा पंप बसवतात.

तेलाचंही तसंच. या जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. या इंजिनाला २४ भाग पेट्रोलला एक भाग तेल लागतं. नव्या इंजिनांचं ५० ला एक हे प्रमाण इथे वापरलं तर बेअरिंगांना तेल कमी पडतं.

तळाच्या गिअरबॉक्समधलं तेल दुधाळ निघालं, तर सीलमधून पाणी आत गेलंय. उत्तरेकडच्या हिवाळ्यात हे पाणी गोठतं, नऊ टक्के फुगतं आणि गिअरबॉक्सचं आवरण फोडतं. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) वर्षानुवर्षं एकाच स्थितीत वाकून राहिल्याने त्याची पाती तशीच कडक होतात, सरळ होतच नाहीत. तो नवा घालायचाच, कारण इंजिन थंड ठेवणारं पाणी वर चढवणं हे त्याचंच काम.

मग इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात उभं करायचं, पंप नीट बुडेल इतकं खोल. दोराच्या दोन-चार ओढींत निळसर धूर निघतो आणि थोड्या वेळाने मागून पाणी बाहेर पडू लागतं. ते आलं नाही तर लगेच बंद. इंजिन गरम झालं की कार्ब्युरेटरची पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई एकेका अष्टमांश वळणाने आत न्यायची. आवाज अडखळू लागला की थोडी मागे घ्यायची, इंजिन एका लयीत चालू लागेपर्यंत.