पेटंट संपलं, पण ब्रँड तसाच का राहतो?

सोलापुरात मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न निघतोच, पेटंट संपलं म्हणतात मग ही गोळी अजून तेवढ्यालाच कशी? पेटंट आणि ब्रँडचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शुगरची गोळी रोज घ्यावी लागते त्यामुळे फरक सरळ खिशाला लागतो.

पेटंट असतं आतल्या कंटेंटवर, म्हणजे गोळीतल्या मूळ औषधावर. भारतात मुदत 20 वर्षं, पण ती मोजायची अर्जाच्या तारखेपासून, गोळी दुकानात आल्यापासून नाही. शुगरवरच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं बघा, अर्ज मार्च 2005 चा, युरोप-अमेरिकेत मंजुरी 2014 ला, म्हणजे नऊ वर्षं चाचण्या आणि मंजुरीतच गेली, आणि 11 मार्च 2025 ला आपल्याकडचं पेटंट संपलं. लगेच बऱ्याच भारतीय कंपन्या उतरल्या आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी काहींनी दहाच्या आत आणली. अमेरिकेतली तारीख शोधून इथे लावू नका, तिकडे मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवून मिळते, आपल्याकडे ती सोय नाही.

ब्रँडचं नाव हा ट्रेडमार्क. तो 10 वर्षांचा, पण फी भरून कितीही वेळा पुढे नेता येतो. म्हणून एम्पाग्लिफ्लोझिनच्या मूळ ब्रँडचं जार्डियन्स हे नाव मूळ कंपनीचंच राहणार आणि त्याची किंमतही ती कंपनीच ठरवणार, बाकीच्यांनी तोच कंटेंट आपापल्या नावाने विकायचा. चादर कुणीही विणू शकतो पण सोलापुरी चादर हे जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं नाव वाटेल त्याला लावता येत नाही, तसंच.

अजून एक, एकाच औषधावर दुसरं पेटंटही मागितलं जातं. टीबीच्या बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै 2023 ला संपणार होतं, कंपनीने त्याच्या फ्युमरेट साल्टवर, म्हणजे त्याच औषधाच्या क्षाररूपावर, वेगळा अर्ज केला होता, मिळालं असतं तर 2027 पर्यंत मक्तेदारी. टीबीतून बऱ्या झालेल्या दोघींनी विरोध केला आणि मार्च 2023 मध्ये अर्ज फेटाळला गेला, मला याचं फार मोल वाटतं.

तेव्हा चिठ्ठीवर नुसता ब्रँड दिसला तर डॉक्टरांनाच विचारा, या कंटेंटचं पेटंट संपलंय का, दुसऱ्या कंपनीची गोळी चालेल का. परस्पर बदलू नका, एम्पाग्लिफ्लोझिन 10 आणि 25 अशा दोन पॉवरमध्ये येतं, आणि काही गोळ्यांत सोबत मेटफॉर्मिनही असतं.