नाणेफेक (खेळातील)

सामना सुरू होण्यापूर्वी पंचांच्या साक्षीने नाणे उडवून, छापा की काटा यावरून पहिली निवड कोणाची हे ठरवण्याची रीत म्हणजे नाणेफेक. बोलताना ‘टॉस’ हाच शब्द जास्त चालतो. रोमन काळातही ही रीत होती. तिथल्या नाण्यावर एकीकडे मस्तक आणि दुसरीकडे जहाज असे, म्हणून ‘जहाज की डोके’ असा पुकारा होई. नाणे कोणाचीही बाजू घेत नाही, म्हणून त्याचा कौल दोन्ही संघ निमूटपणे मानतात. पण त्या कौलावर किती सोपवायचे, हा प्रश्न खेळांच्या नियमकर्त्यांना सतत छळत आला आहे.

फुटबॉलच्या १८६३ च्या पहिल्या लिखित नियमांतच नाणेफेक आहे: जिंकणाऱ्याने गोल निवडायचा, हरणाऱ्याने मध्यातून चेंडू मारून खेळ सुरू करायचा. २०१९ पासून जिंकणारा कर्णधार आक्रमणाची दिशा किंवा पहिली किक यांपैकी एक निवडतो. वरवर हे किरकोळ वाटते. मात्र वारा जोराचा असेल, किंवा मावळतीचे ऊन थेट गोलरक्षकाच्या डोळ्यांत येत असेल, तर दिशा महत्त्वाची ठरते. उत्तरार्धात आपल्या समर्थकांच्या बाजूच्या गोलवर चाल करता यावी, असाही अनेक संघांचा आग्रह असतो.

एके काळी मात्र नाणे थेट निकालच देत असे. मार्च १९६५ मध्ये युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल आणि कोलोन यांच्यातले तिन्ही सामने बरोबरीत सुटले. रॉटरडॅमच्या मैदानावर पंचांनी नाण्याऐवजी चकती उडवली, तर ती चिखलात उभीच रुतली! ती पुन्हा उडवावी लागली आणि लिव्हरपूल पुढे गेले. ५ जून १९६८ रोजी नेपल्समध्ये इटली आणि सोव्हिएत संघ यांचा युरो स्पर्धेचा उपांत्य सामना १२० मिनिटांनंतरही ०–० असाच राहिला. पंच दोन्ही कर्णधारांना घेऊन आत गेले, प्रेक्षक जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने इटलीचा कर्णधार फाकेत्ती हात उंचावत धावत बाहेर आला, तेव्हा स्टेडियमला निकाल कळला. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना बरोबरीत सुटल्यावर मात्र तो पुन्हा खेळवला गेला आणि इटली विजेती ठरली. सोव्हिएत खेळाडूंवर यात अन्याय झाला, असेच म्हणावे लागते. १९७० मध्ये पेनल्टी शूटआउटला, म्हणजे दोन्ही संघांनी पाळीपाळीने गोलवर किक मारून निकाल लावण्याला, मान्यता मिळाली आणि नाण्याच्या हातून हा अधिकार गेला.

शूटआउटपूर्वीही आता दोनदा नाणे उडते: एकदा कोणत्या गोलवर किक मारायच्या यासाठी आणि एकदा क्रमासाठी. पहिली किक मारणारा संघ सुमारे ६० टक्के वेळा जिंकतो, असे २०१० च्या एका अभ्यासात आढळले होते. पुढे अधिक सामने तपासल्यावर हा फायदा तितका ठामपणे दिसला नाही. तरीही या शंकेपोटी २०१७ मध्ये टेनिसच्या टायब्रेकसारखा, म्हणजे पहिल्या किकनंतर प्रत्येक संघाने सलग दोन-दोन किक मारण्याचा, क्रम आजमावला गेला. तो गुंतागुंतीचा वाटल्याने २०१८ मध्ये सोडून दिला.

क्रिकेटमध्ये नाणेफेकीचे वजन सर्वांत जास्त. खेळपट्टी दिवसागणिक बदलते आणि रात्री दव पडले की चेंडू हातातून निसटतो. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात दोन्ही उपांत्य सामने आणि अंतिम सामना नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेणाऱ्या संघांनीच जिंकले. इंग्लिश कौंटी स्पर्धेत यजमानांनी सोयीची खेळपट्टी बनवू नये म्हणून २०१६ पासून काही वर्षे पाहुण्या कर्णधाराला नाणेफेकीविनाच गोलंदाजी घेता येत होती. उलट उदाहरणही आहे: २०२५ च्या चॅम्पियन्स करंडकात भारताने पाचही नाणेफेकी हरून पाचही सामने जिंकले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये जानेवारी २०२२ च्या बाद फेरीत जादा वेळेची नाणेफेक जिंकून कॅन्सस सिटीने पहिल्याच चढाईत टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे नेला. तेव्हाच्या नियमानुसार सामना तिथेच संपला आणि बफेलोला चेंडू मिळालाच नाही. दोनच महिन्यांत बाद फेरीसाठी नियम बदलला आणि दोन्ही संघांना चेंडूची हमी मिळाली. टेनिस आणि व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस किंवा बाजू, कबड्डीत मैदान किंवा पहिली चढाई, खो-खोत पाठलाग की संरक्षण, एवढ्यापुरताच नाणेफेकीचा प्रश्न असतो.

नाणे स्वतः अगदी निःपक्ष असते का? संशोधकांनी ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून पाहिली, तेव्हा उडवताना वर असलेली बाजूच ५०.८ टक्के वेळा वर आली. पुकारणाऱ्याला आधी कोणती बाजू वर आहे हे दिसले नाही, तर या फरकाचा त्याला काहीच उपयोग नाही. त्यामुळे बहुतेक खेळांत नाण्याला पर्याय शोधण्याची गरज अजून भासलेली नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या महिला फुटबॉल लीगच्या एका सामन्यात पंच नाणे ड्रेसिंग रूममध्ये विसरले आणि त्यांनी कर्णधारांना दगड-कागद-कात्री खेळायला लावले. त्याबद्दल त्यांना २१ दिवसांसाठी निलंबित करण्यात आले.