ड्रेस्डेनची मॅडोना : नक्कल राजवाड्यात, अस्सल चित्र हिशेबनिसाकडे

१८७१ साली ड्रेस्डेनमध्ये दोन चित्रं शेजारी शेजारी टांगली गेली आणि जर्मन कलाजगतात भांडण जुंपलं. विषय एकच, मांडणीही एकच: मॅडोना म्हणजे येशूची आई मेरी, तिच्या कडेवर बाळ येशू आणि पायाशी गुडघे टेकलेलं स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराच्या याकोब मायरचं कुटुंब. त्यातलं सोळाव्या शतकातल्या जर्मन चित्रकार होल्बाइनचं कोणतं आणि नक्कल कोणती, हा वाद. तो समजून घ्यायला साडेतीनशे वर्षं मागे जावं लागतं.

मायर मूळचा सावकारी पेशातला, नंतर बाझेलचा महापौर. फ्रान्सकडून परवानगीपेक्षा जादा पैसे घेतल्याच्या आरोपावरून १५२१ मध्ये त्याचं पद गेलं. शहर प्रोटेस्टंट होत चाललेलं, हा मात्र कट्टर कॅथलिक. १५२६ मध्ये त्याने हान्स होल्बाइनकडून हे चित्र करून घेतलं. दोनेक वर्षांनी, इंग्लंडहून परतल्यावर होल्बाइनने त्यावर पुन्हा हात फिरवला. मायरची वारलेली पहिली बायकोही त्यात आहे. मुलगी आना आधी मोकळ्या केसांत होती, नंतर तिचे केस बांधून डोक्यावर अलंकार चढवला गेला. हा बदल पुढे फार कामाला आला.

चित्र घरातच राहिलं ते नातजावई रेमिगिउस फेशपर्यंत. त्याने १६०६ च्या सुमारास ते 100 सोन्याच्या नाण्यांना लुकास इझेलिनला विकलं. १६३० च्या दशकात इझेलिनच्या पश्चात ॲम्स्टरडॅमचा मिशेल ले ब्लाँ हा दलाल बाझेलला पोचला आणि चित्र घेऊन गेला. मग त्याने बार्थोलोमेउस सारबुर्ख या चित्रकाराकडून त्याची हुबेहूब प्रत करवून घेतली. ले ब्लाँने चित्र कुणाला विकलं, याबद्दल सतराव्या शतकातल्या दोन नोंदी दोन नावं सांगतात. एकीत हद्दपार झालेली फ्रेंच राजमाता मारी द मेदिची, तर दुसरीत ॲम्स्टरडॅमचा लोसर्ट नावाचा हिशेबनीस. चित्र एकच असतं तर यातली एक नोंद खोटी ठरवावी लागली असती. पण चित्रं दोन होती! नक्कल राणीच्या वाट्याला गेली आणि अस्सल चित्र हिशेबनिसाच्या घरी, असा आज त्याचा उलगडा केला जातो.

पुढची शंभरेक वर्षं नक्कल थाटात फिरली. व्हेनिसच्या देल्फिनो या उमराव घराण्याकडे ती होती तेव्हा चित्रातलं कुटुंब इंग्लंडच्या टॉमस मोरचं, अशी दंतकथाही तिला चिकटली. १७४३ मध्ये फ्रांचेस्को आल्गारोत्ती या इटालियन पंडिताने ती सॅक्सनीचा इलेक्टर (तिथला शासक, राजधानी ड्रेस्डेन) आणि पोलंडचा राजा ऑगस्टस तिसरा याच्यासाठी घेतली. राणी, उमराव, राजा. एवढ्या बड्या हातांतून आलेल्या चित्रावर शंका घेणार कोण? ड्रेस्डेनच्या संग्रहात राफाएलची सिस्टिन मॅडोना इटलीची शान, तर ही जर्मनीची. मेरीच्या हातातलं मूल येशू नसून मायरचं आजारी लेकरू आहे, असं भाबडं स्पष्टीकरणही एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय होतं.

अस्सल चित्र मात्र ॲम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांत आणि लिलावांत हरवून गेलं. १८२२ मध्ये प्रशियाच्या राजपुत्र विल्हेल्मने ते पॅरिसच्या एका विक्रेत्याकडून पत्नी मारियानेसाठी घेतलं. त्यांची मुलगी एलिझाबेथ हेसे घराण्यात दिली होती. तिच्याबरोबर ते डार्मश्टाटला गेलं.

१८७१ च्या प्रदर्शनात कलाइतिहासकारांनी जाहीर निवेदन काढून डार्मश्टाटच्या चित्राच्या बाजूने कौल दिला. चित्रकारांनी ड्रेस्डेनच्या चित्राच्या बाजूने उलट पत्रक काढलं: एवढा गोड चेहरा नक्कलकाराला जमेलच कसा? पण खोट नेमकी तिथेच होती. सारबुर्खने मेरी जास्त गोड केली, तिच्यामागचा कोनाडा उंच केला, मंडळींना ऐसपैस जागा दिली. म्हणजे मूळ चित्र 'सुधारलं'. सतराव्या शतकाची आवड दोनशे वर्षांनंतरच्या डोळ्यांनाही रुचली. गुस्टाव फेश्नर या मानसशास्त्रज्ञाने प्रेक्षकांसाठी मतांची वहीच ठेवली होती. 11 हजारांहून अधिक लोक येऊन गेले, मत लिहिलं फक्त 113 जणांनी. सौंदर्याचा कौल लोकांकडून घ्यायचा हा पहिलावहिला प्रयोग तसा फसलाच.

१८८७ मध्ये डार्मश्टाटच्या चित्रावरचं पिवळं पडलेलं वार्निश आणि नंतरची रंगकामं उतरवली गेली आणि उरलासुरला संशयही फिटला. आनाचे आधीचे मोकळे केस याच चित्राच्या रंगाखाली आहेत, बाझेलला जपलेल्या होल्बाइनच्या रेखाटनातही ती तशीच दिसते. नक्कल करणाऱ्याला विचार बदलावा लागत नाही. त्याच्यापुढे शेवटचं रूप तयारच असतं.

अस्सल चित्र २०११ पर्यंत हेसे घराण्याकडेच होतं. राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद असल्याने ते जर्मनीबाहेर नेता येत नव्हतं. अखेर उद्योगपती राइनहोल्ड व्युर्थ यांनी ते विकत घेतलं. किंमत 5 कोटी युरोंच्या वर असल्याचं तेव्हा छापून आलं. आता ते श्वेबिश हाल गावातल्या एका जुन्या चर्चमध्ये पाहायला मिळतं. नक्कल ड्रेस्डेनच्याच संग्रहात आहे, सारबुर्खच्या नावावर.